मेथीतलं ‘इस्ट्रोजेन’ नेमकं कशात सिद्ध झालं?

बहरीनच्या बाजारात मेथीदाण्यांना ‘हिलबा’ म्हणतात. आपण बाळंतिणीला मेथीचे लाडू देतो, आखातातल्या अरबी घरांतही बाळंतिणीला हिलबा देतात. दोन्हीकडच्या आज्यांचं इतकं एकमत क्वचितच होत असेल! त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मेथीच्या कॅप्सूल ‘नैसर्गिक इस्ट्रोजेन, शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ म्हणून विकण्याबद्दल. असं काही वाचलंत की एवढंच विचारा: सिद्ध झालं, पण कशात?

२०१० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये मेथीवर एक शोधनिबंध आला. मेथीचा अर्क एमसीएफ-७ पेशींवर इस्ट्रोजेनसारखा वागला, असं त्यात दिसलं. या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. इस्ट्रोजेन मिळालं की त्या वाढतात, म्हणून १९७० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळा त्या वापरतात. प्रयोग उपयोगाचाच आहे, पण अर्क क्लोरोफॉर्ममध्ये काढलेला होता. लाडू आपण तुपात करतो.

शिवाय बशीतल्या पेशींना ना आतडं असतं, ना यकृत. आपण खाल्लेले रेणू आतड्यातले जिवाणू बदलून टाकतात आणि उरलेल्यांना बाहेर घालवायच्या तयारीला यकृत लागतं. सोयाबीनमधल्या डेडझीनपासून इक्वॉल हे जास्त प्रभावी रसायन काही जणांच्याच पोटात तयार होतं. एकाच पातेल्यातलं जेवणाऱ्या नवरा-बायकोतही फरक असू शकतो. मेथीतल्या डायॉस्जेनिनचं तर उलटंच. त्यापासून कारखान्यात हार्मोन बनवता येतात, आपल्या शरीराला ते जमत नाही. म्हणूनच पेशींनंतर प्राण्यांवर चाचणी होते: अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना निदान तीन दिवस तो पदार्थ देऊन गर्भाशयाचं वजन वाढतं का ते बघतात. माणसांवरच्या चाचण्या त्याच्याही पुढे. जाहिरातवाले मात्र पहिल्या पायरीवरूनच थेट गच्चीवर पोचतात.

याचा अर्थ हे सगळं निरुपद्रवी आहे, असंही नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा खाऊन मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, त्या चाऱ्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या रेणूंमुळेच. पण त्या दिवसभर तेच चरत होत्या. फोडणीतले चार दाणे वेगळे आणि रोज गिळलेला दाट अर्क वेगळा.

मला काळजी वाटते ती स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या बायकांची. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून गरम वाफा येतात, त्यावर कुणीतरी ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून कॅप्सूल सुचवतं. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींमधली इस्ट्रोजेनची जागा अडवून धरतं. त्याच जागेवर बसू पाहणारा अर्क डॉक्टरांना न सांगता घेणं मला अजिबात मान्य नाही, मग पुरावा बशीतला का असेना. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेतून आलेली डबी इथल्या डॉक्टरांना माहीत असण्याचं कारण नाही. पुढच्या तपासणीला जाताना ती डबीच सोबत न्या.