गाडीची गाळणी आणि व्यापाऱ्याचे माप

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत कर, जागेचे भाडे, रस्त्यांची दुर्दशा आणि बाजारातील मंदी या विषयांवर लिहिण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही सभासद बंधुभगिनींचे लक्ष एका अशा गोष्टीकडे वेधू इच्छितो, की जी दुकानात घडत नाही, परंतु दुकानाच्या नावावर घडते. आपल्या माल वाहणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांतील धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकण्याची जी प्रथा हल्ली कानावर येते, ती कायदेशीर आहे काय? आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी ती आपणांस शोभणारी आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा मोह आम्हांसही झाला होता. आमच्या पेढीच्या गाडीत एके दिवशी समोरच्या पट्टीवरील पिवळा दिवा पेटला. पाठोपाठ इंजिनाचे बळ गेले आणि भरलेली गाडी ऐन सणाच्या गर्दीत रडतखडत चालू लागली. दोन वेळा दुरुस्तीचा खर्च झाला आणि तिसऱ्या वेळी पुन्हा तोच दिवा दिसला. तेव्हा एका मिस्त्रीने सहज सांगितले, “सेठ, अंदर की जाली निकाल देतूं, फिर कभी लाइट नहीं आती.” बाहेरची पेटी तशीच राहणार, आतील जाळी तेवढी जाणार आणि गाडीच्या संगणकास जाळी आहे असेच वाटत राहील, अशी व्यवस्था तो करून देणार होता. मागितलेली रक्कम नव्या जाळीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ होती. आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

ही जाळी म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. त्यापूर्वी डिझेलमध्ये दशलक्ष भागांत 50 भाग गंधक चालत असे, ते 10 वर आले. डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम होती, ती 4.5 झाली. एवढी मोठी घट नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने साधत नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र गाळणी बसवितात. तिलाच मिस्त्री लोक डीपीएफ म्हणतात. काजळी तीत अडकते आणि गाळणी सुमारे 600 अंशांपर्यंत तापली म्हणजे जळून जाते. याशिवाय धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर असतो. काही गाड्यांत तर युरियाचे पाणी धुरात फवारून विषारी नायट्रोजन ऑक्साइड निरुपद्रवी करण्याचीही सोय असते. या पाण्यात युरियाचे प्रमाण 32.5 टक्के असावे लागते.

गाळणी तापावयाची, तर गाडी काही काळ सलग वेगाने धावली पाहिजे. आमची गाडी मात्र कोठीहून निघते, बेगम बाजारात थांबते, उस्मानगंजात माल चढविते आणि सुलतान बाजारात परत येते. सारा दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. काजळी साठते, जळत मात्र नाही आणि शेवटी गाळणी तुंबते. म्हणजे दोष गाळणीचा नसून आपल्या वापराचा असतो आणि शिक्षा मात्र गाळणीस होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार आहे.

आता कायदा पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे सांगते की, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशिलाची तफावत पडेल, असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. या कलमात गाळणीचे नाव घेतलेले नाही, यावर काही मंडळी बोट ठेवतात. परंतु नोंदणीपत्रात आपली गाडी भारत स्टेज सहाची आहे असे लिहिलेले असते. जिच्यामुळे ती तशी ठरली, ती यंत्रणाच काढली, तर तो शब्द खरा राहिला असे कोण म्हणेल? केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी याच कलमाचा अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यातील 182-अ हे कलम बदलले. अनुमती नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. येथे मालक हा शब्द महत्त्वाचा आहे. “ड्रायव्हरने परस्पर करून घेतले” या सबबीमागे लपण्यापूर्वी आपण तो शब्द नीट वाचावा.

याखेरीज 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 115 वा नियम आहे. त्याप्रमाणे गाडी कारखान्यातून निघताना धुराच्या मानकांत बसलेली असणे पुरेसे नाही, रस्त्यावर चालत असतानाही ती त्या स्थितीत राखली पाहिजे. ही मानके मोडणारी गाडी जो चालवील आणि जो चालवू देईल, त्या दोघांसही 190 व्या कलमाचे दुसरे पोटकलम लागू पडते. पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना बाळगण्यास अपात्र ठरण्याची तरतूद आहे. गरीब चालकाचा परवाना गेला म्हणजे त्याच्या घरची चूल थंडावते, हे निराळे सांगावयास नको.

यावर पुष्कळ बंधू म्हणतात, “पण आमच्याजवळ पोल्युशनचा कागद आहे!” हा समज मुळातच चुकीचा आहे. त्या तपासणीत डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट निघतो, एवढेच मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडची मोजणी तीत होत नाही. सहाव्या स्टेजच्या गाडीस तो कागद वर्षभर चालतो. तपासणीच्या त्या एका क्षणी गाडी उत्तीर्ण झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. गाडीत केलेल्या फेरफारास त्याने मान्यता मिळत नाही. दुकानाच्या भिंतीवर परवाना टांगला, म्हणून तराजूत केलेली लबाडी कायदेशीर होते काय?

तपासणीपुरते एक आणि रस्त्यावर दुसरे, असे वागण्याचा परिणाम काय होतो, हे मोठमोठ्या कारखानदारांनीही अनुभवले आहे. फोक्सवॅगन कंपनीने डिझेल मोटारींत तपासणी ओळखणारी संगणकीय युक्ती घातल्याचे अमेरिकेत 2015 च्या सप्टेंबरात उघडकीस आले. आपल्या देशातही त्या कंपनीस सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केलेल्या चाचण्यांचा आधार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या मार्चमध्ये 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीस अटकाव केला हे खरे. तथापि त्या नावास लागलेला डाग काही कोणत्या आदेशाने पुसला गेला नाही.

अमेरिकेत तर पिकअप गाड्यांची ही गाळणी काढण्याचा धंदाच झाला होता. तेथील पर्यावरण खात्याने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मागील सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतून अशी यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यामुळे हवेत जो जादा नायट्रोजन ऑक्साइड मिसळला, तो रस्त्यावर 90 लाख नव्या गाड्या आणल्याने जितका मिसळला असता तितका होता, असेही त्यात म्हटले आहे. बिघडलेल्या गाड्या थोड्या, परंतु त्यांचा भार किती अफाट, हे यावरून दिसते. त्याच खात्याने 2025 च्या ऑगस्टमध्ये, युरियाचे पाणी संपताच गाडीचे बळ एकाएकी जाऊ नये अशी रचना करण्याकडे उत्पादकांना वळविले. वाहतूकदारांची तक्रार रास्त असेल, तर ती दूर करण्याचा मार्ग असा उघड असतो. अंधारात पेटी पोकळ करणे, हा तो मार्ग नव्हे.

आणि तक्रार रास्त आहे, हे आम्ही मुळीच नाकारीत नाही. नवी गाळणी घ्यावयाची म्हणजे लहान दुकानदाराची कंबर मोडते. गाडी विकताना गर्दीच्या बाजारातील वापराविषयी विक्रेते चकार शब्द काढीत नाहीत. जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या आणि बसेस डोळ्यांदेखत जातात आणि नियम मात्र नव्या गाडीच्या मालकास शिकविले जातात, ही चीडही समजण्यासारखी आहे. परंतु शेजाऱ्याचे माप खोटे आहे, म्हणून आपलेही खोटे करावे, असे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले नाही.

मापाची गोष्ट निघालीच आहे, तर थोडे मागे वळून पाहू. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला. तेव्हाही दुकानदारांना जुनी वजने टाकून पदरमोड करून नवी घ्यावी लागली. आज त्या खर्चाची आठवणही कोणास नाही. बाजारात एकच खरे माप चालते, हा लाभ मात्र कायमचा राहिला. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत खोट्या मापाने देणेघेणे आहे, राज्याच्या नियमाचे उल्लंघन आहे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणेही आहे. बाहेरून अखंड दिसणारी आणि आतून पोकळ केलेली ती पेटी पाहिली, म्हणजे तिन्ही अतिचार एकाच ठिकाणी एकवटल्यासारखे वाटतात. खोट्या वजनाने ग्राहकाची पाव-अर्धा किलोची हानी होते. येथे मात्र ज्याने आपल्याकडून काही विकतही घेतले नाही, त्याच्या श्वासातून आपण वसुली करतो.

तो कोण, हे पाहावयास लांब जाण्याचे कारण नाही. ज्या रेसिडेन्सीच्या कोठीवरून या भागास नाव मिळाले, त्या वास्तूच्या आवारात आज मुलींचे विद्यापीठ आहे. जवळच उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आणि कान-नाक-घशाचे सरकारी रुग्णालय आहे. गाडीच्या मागे उभा राहून पोती उतरविणारा हमाल आपलाच आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर जी मुले अभ्यास करतात, तीही आपलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 च्या जूनमध्ये डिझेलच्या धुरास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले आहे. सूक्ष्म जीवासही इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने धूर गाळण्याची जाळी स्वतःच्या हाताने काढावी, ही विसंगती आम्हांस तरी सोसत नाही.

मग करावे काय? आम्हांस जे उपयोगी पडले, ते सांगतो. आठवड्यातून एकदा गाडी बाहेरच्या रिंग रोडवर काही वेळ सलग वेगाने चालवावी. दिवा पेटताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाळणी जळू द्यावी. ती क्रिया चालू असताना इंजिन बंद करू नये. कमी राख सोडणारे, उत्पादकाने सुचविलेलेच तेल घालावे. युरियाचे पाणी खात्रीचे घ्यावे. तुंबलेली गाळणी यंत्राच्या साहाय्याने मोकळी करता येते आणि धुताही येते. ती लगेच बदलावी लागते असे नाही. ज्यांची फेरी मुळी शहराबाहेर जातच नाही, त्यांनी पुढील गाडी घेताना सीएनजी किंवा विजेवर चालणाऱ्या मालगाडीचा हिशेब अवश्य मांडून पाहावा. जुनी गाडी विकत घेताना मात्र पेटी पोकळ नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण खरेदीनंतर मालक आपणच ठरतो.

संघाकडेही आमचे दोन मागणे आहे. गाळण्या साफ करून देणाऱ्या खात्रीच्या कारागिराशी संघाने सर्व सभासदांसाठी एकत्रित दर ठरवावा. तसेच गर्दीच्या बाजारात फिरणाऱ्या गाड्यांची ही अडचण उत्पादकांच्या आणि परिवहन खात्याच्या कानावर लेखी घालावी. एकट्या दुकानदाराची विनंती कोणी मनावर घेत नाही. संघाचे निवेदन मात्र वाचले जाते. परंतु ते देणाऱ्या हाताने स्वतः जाळी काढलेली असता कामा नये.

असो. आमच्या गाडीची जाळी अद्याप जागेवर आहे. दिवा मधूनमधून पेटतो, तेव्हा चालक गाडी रिंग रोडवर नेऊन आणतो. थोडे डिझेल जाते, थोडा वेळ जातो. तेवढा खर्च आम्ही खातेवहीत दुरुस्तीच्या रकान्यात मांडीत नाही, खऱ्या मापाच्या रकान्यात मांडतो. सभासद बंधूंनीही आपापल्या वहीत तो रकाना उघडावा, एवढीच विनंती.