तापाच्या यादीत टोला आहे, मग तिथे का नाही?



राज्याच्या हिवताप खात्याचं मुख्य ऑफिस पुण्यात, आणि हिवतापाचा मोठा मार गडचिरोलीला. हे अंतर मोबाईलवरचा सर्व्हे कमी करील म्हणतात. करील, पण नीट केला तर. पूर्वी रक्ताची काचपट्टी तालुक्याला जायची, रिपोर्ट येईस्तोवर माणूस आडवा. आता आशाताईंच्या किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. ती नोंद त्याच दिवशी वर गेली तर फवारणी वेळेत येईल.

पण सर्व्हे घर विचारतो. आपण धान राखायला शेतात झोपतो, तेंदूपत्त्याला रानात. तिथे मच्छरदाणी आहे का, हे फॉर्मात पाहिजे. आणि नेटवर्क नाही म्हणजे ताप नाही, असं कोणी धरू नये.

दुसरं. तापासाठी आपला टोला मोजतात, आणि वनखातं म्हणतं तिथे वस्तीच नाही! वनहक्काला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा लागतो, तो या सर्व्हेने सिद्ध होणार नाही. तरी टोल्याची सरकारी नोंद हातात असावी. २००६ च्या कायद्यात कलम ३(२) आहे : ग्रामसभेची शिफारस असेल तर दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. तो ठराव करताना ही नोंद कामी येईल. सर्व्हेवाले आले की आजाऱ्यांची नावं सोडून घरांच्या यादीची प्रत मागा, ग्रामसभेच्या रजिस्टरला लावा.