आधी माप, मग नाव

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाला आधीच माफी मागते. पण हे भांडण मराठीतच करायचंय, कारण ते आपल्याच लॅबशी आहे.

सुरुवात मात्र लांबून, अमेरिकेतून. १९६० च्या दशकात तिथे मसल कारचं वेड होतं. शेव्हरोलेच्या कॅमॅरो झेड/२८ मधलं (१९६७ ते ६९) ३०२ घन इंचांचं व्ही-८ इंजिन घ्या. त्याच्या शेजारी ३२७ आणि ३५० ही त्याची भावंडं ठेवा आणि नुसतं बघून ओळखून दाखवा! तिन्हींचा बोअर ४ इंचच. फरक फक्त स्ट्रोकचा: ३, ३.२५ आणि ३.४८ इंच. सूत्र आपल्याला झोपेतही येतं, आकडे घालून बघा. ट्रान्स-ॲम शर्यतीत ३०५ घन इंचांची मर्यादा होती, म्हणून ३२७ चा बोअर आणि २८३ चा स्ट्रोक यांचं लग्न लावून ३०२ जन्माला घातलं गेलं.

तुम्ही म्हणाल, ब्लॉकवर नंबर असतो की! असतो. पण ३९७००१० हा एकच कास्टिंग नंबर मेन कॅपला दोन बोल्ट असलेल्या ब्लॉकवरही सापडतो आणि चार बोल्टवाल्यावरही. ऑइल पॅन उतरवल्याशिवाय खरं कळत नाही. पुढच्या पॅडवर ठोकलेले आकडे तर लोक घासून नवे ठोकतात, कारण मूळ इंजिनाच्या गाडीला पैसे जास्त मिळतात.

नाव तेच आणि आतला माल वेगळा, असंही होतं. १९६७ च्या ३०२ चं मेन जर्नल २.३० इंचाचं, १९६८ च्या ३०२ चं २.४५. क्रायस्लरच्या ३४० ला १९६८ ते ७१ फोर्ज्ड क्रँक होता आणि बॅलन्स आतल्या आत होता. १९७३ च्या ३४० ला कास्ट क्रँक, आणि बॅलन्सचं वजन बाहेर, डॅम्परवर आणि टॉर्क कन्व्हर्टरवर. जुन्याचा डॅम्पर नव्याला लावला तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंगची वाट लागते. म्हणून जाणकार क्रँकवरची साच्याची रेघ बघतो: रुंद असेल तर फोर्ज्ड, बारीक असेल तर कास्ट. ‘३४० आहे’ एवढ्यावर तो विश्वास ठेवत नाही.

आता आपल्याकडे या. मागच्या सेमला आमच्या बॅचने एका इंजिनाचा बोअर मोजला. मॅन्युअलमध्ये ८० मिमी. मी मोजलंच नाही, सीनियरच्या जर्नलमधून ८०.०० उतरवलं. माझ्या पार्टनरने बोअर गेज लावून तीनदा मोजलं: ८०.५०. तिला ‘रिपीट’ मिळालं, मला दहापैकी नऊ. नंतर पिस्टनच्या डोक्यावरचं काजळ पुसलं, तर खाली ०.५० कोरलेलं. इंजिन कधीतरी रीबोअर होऊन ओव्हरसाइज पिस्टन बसला होता. सगळ्या बॅचमध्ये तिचंच रीडिंग बरोबर होतं!

मला ते नऊ मार्क अजून टोचतात. मी गप्प बसले, हे जास्त टोचतं.

सरांचा दोष काढत नाही. साठ जर्नलं तपासायची म्हणजे मॅन्युअलशी ताडून बघणं आलंच. पण एक सुचवते. प्रत्येक रीडिंगपुढे एक रिकामा रकाना ठेवा: ‘मॅन्युअलशी जुळत नसेल तर का?’ दोन मार्क त्या रकान्याला द्या. ते उत्तर सीनियरच्या जर्नलमध्ये सापडणार नाही, इंजिनच उघडावं लागेल.

उद्या नोकरीत आपल्यापुढे जे मशीन येईल, त्याच्यावरही कुणीतरी पाटी लावलेली असेल. तेव्हा आपण पाटी वाचणारे असू की पॅन उतरवणारे, हे याच लॅबमध्ये ठरतंय.

आणि पार्टनर, हे तू वाचत असशील तर... सॉरी. पुढचं प्रॅक्टिकल गेज माझ्या हातात.