पीडीएफवाले आणि कायदेवाले

'पूर्ण पुस्तक मोफत! पुढे पाठवा, मराठी वाचवा!' असा निरोप चिकटवून हयात लेखकाचं नवं कोरं पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, तेव्हा माझं डोकं सणकतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती ती केवढी, त्यातून लेखकाच्या हाती येणार चिमूटभर. तेही पळवायचं आणि वर साहित्यसेवा म्हणायचं? बाजारातली मासळी उचलून शेजाऱ्यांना वाटली म्हणून कुणी दानशूर ठरत नाही.

पण कायदेवाल्यांचंही मला पटत नाही. मी सरकारी कारकून, कलमं वाचणं हे पोटापाण्याचं काम. 1957चा कॉपीराइट कायदा बघा. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राखीव. आधी ती 50 होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपायला आली, तेव्हा 1992 साली सगळ्यांचीच वाढवली.

साने गुरुजी 1950 साली गेले. 2011पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी. म्हणून तिचा खप बुडाला का? आपले बाकीबाब बोरकर 1984 साली गेले, त्यांचं लेखन 2045 उजाडेपर्यंत राखीव. त्यांना नावामुळे प्रकाशक तरी मिळेल. पण एकाच आवृत्तीवर संपलेल्या गोमंतकीय लेखकाचं काय? दुकानात पुस्तक नाही, जुनी प्रत वाळवीच्या तोंडी. आपल्याला निदान पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिकडे धार जिल्ह्यात, मनावरला राहणाऱ्या मराठी माणसाने ते कुठे शोधायचं? स्कॅन करून सर्वांसाठी ठेवावं, तर कलम 63 आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद. अडवून ठेवलेल्या पुस्तकासाठी कलम 31खाली परवाना मागता येतो म्हणे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची!

आणि कंपन्या? 2009 साली अ‍ॅमेझॉनने हक्कांचा घोळ निघताच ऑर्वेलची विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मे 2020मध्ये दैनिक जागरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा ई-पेपर वाटणारे चॅनेल काढायचा आदेश टेलिग्रामला मिळाला. वर्तमानपत्राला वकील परवडतो. मराठी कवीला?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हयात लेखकाचं पुस्तक वाटणाऱ्याला अडवा, आणि तक्रार येऊनही ते न हटवणाऱ्या कंपनीला आधी अडवा. पण दहा वर्षं कुणी छापलंच नाही, ते पुस्तक वारसांचं मानधन राखून ग्रंथालयांना खुलं करा. दोन्ही गुन्हे एकाच तराजूत तोलणारा कायदा लेखकाच्याही कामाचा नाही, वाचकाच्याही नाही.

आणि मंडळी, तो कायदा बदलेल तेव्हा बदलेल. नव्या पुस्तकाची पीडीएफ आली तर पुढे ढकलू नका. पुस्तक विकत घ्या.