मुहूर्तापूर्वी जन्मदाखला

बालविवाहास या देशात 1929 पासून कायद्याने मनाई आहे. इतक्या दीर्घ मनाईनंतरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच उरकले गेल्याचे दिसून यावे, बीड जिल्ह्यात हे प्रमाण 43 टक्क्यांच्या वर आणि परभणीत 48 टक्क्यांपर्यंत जावे, ही गोष्ट ज्या प्रांतात रानडे, आगरकर, पंडिता रमाबाई यांच्यासारखी माणसे होऊन गेली त्या प्रांतास खचितच भूषणावह नाही. दोष कायद्याचा नसून अंमलबजावणीचा आहे असे म्हणण्याचा आपला परिपाठ आहे, आणि तो निम्माच खरा आहे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. घरपट्टीच्या वसुलीपासून साऱ्या दप्तराचा भार वाहणाऱ्या या गृहस्थाने, ज्या गावात त्याला रोज वावरायचे त्याच गावच्या भरल्या मांडवात शिरून नवऱ्यामुलाच्या बापास जाब विचारावा, अशी आपली अपेक्षा असते. तो विचारला जात नाही, यात नवल नाही.

पण प्रत्येक लग्नात असा एक मनुष्य हजर असतोच की ज्याच्यावाचून ते लागत नाही. कोठे तो भटजी असतो, कोठे काझी, कोठे पाद्री, कोठे बौद्धाचार्य. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने त्याची जबाबदारी निःसंदिग्धपणे सांगितली आहे: बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र हा बालविवाह नव्हे असे मानण्यास आपणास कारण होते, एवढे त्याने शाबीत केले की तो सुटतो. या सवलतीचा व्यवहारातील अर्थ असा झाला आहे की वय विचारायचेच नाही. शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या की पंधरा वर्षांची पोरही विशीतली दिसते, आणि ‘घरच्यांनी सांगितले, आम्ही मंगलाष्टके म्हटली’ हे उत्तर तयार असते. एखाद्या भटजीने सद्बुद्धीने जन्मदाखला मागितलाच, तर यजमान शेजारच्या गावचा भटजी आणतो, दक्षिणा तिकडे जाते, आणि पहिल्याला पुढच्या सत्यनारायणाचेही बोलावणे येत नाही. एकट्याचा नकार असा वाया जातो. तो द्यावयाचा तर पंचक्रोशीतील सर्व धर्मांच्या विवाह लावणाऱ्यांनी एकाच मजकुराखाली सह्या करून द्यावयास हवा.

हिंदू कुटुंब काही काझीकडे जाणार नाही, मग सर्व धर्मांचा मेळ कशासाठी, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. 1884 मध्ये बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा मुलींच्या हालअपेष्टांपेक्षा हिंदूंच्या घरात पारशाने का डोकवावे हाच कज्जा अधिक गाजला. पुढे संमतिवयाच्या वादात रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखवले, टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला, आणि 1891 मध्ये कायदा झाला तो संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यापुरता. 1929 च्या कायद्यामागील सारडा विधेयकाची हकीकत याहून बोधप्रद आहे. हरबिलास सारडांचा मूळ मसुदा केवळ हिंदूंपुरता होता; चर्चेअंती तो सर्वधर्मीयांस लागू झाला, मध्यवर्ती विधिमंडळात जीनांनी त्याची बाजू घेतली, आणि 1927 मध्ये पुण्यात जन्मलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेतील निरनिराळ्या धर्मांच्या स्त्रियांनी त्यासाठी एकत्र खटपट केली. सनातन्यांनी आणि उलेमांनी निषेध केला, कायदा अमलात येण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत लोकांनी पोरासोरांची लग्ने घाईने उरकली, हेही खरे. तथापि आमच्याच धर्मास का वेठीस धरता, हे विचारण्याची सोय त्या कायद्याने ठेवली नाही. व्यक्तिगत कायद्यांवर 2006 चा अधिनियम वरचढ आहे की नाही, याचा निर्णायक निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्येही दिलेला नाही. तेव्हा जुम्म्याच्या खुतब्यात आणि हरिनाम सप्ताहातील काल्याच्या कीर्तनात एकाच आठवड्यात एकच गोष्ट सांगितली जावी, हे अगत्याचे आहे.

या कामी कॅथलिक चर्चची रीत अनुकरणीय म्हणावी लागेल. तेथे विवाहापूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, आणि ठरलेल्या विवाहाची घोषणा रविवारच्या मिस्सेत करून कोणाची हरकत असल्यास कळविण्यास सांगतात. निकाहनामा हाही लेखी दस्तऐवजच. त्यास जन्मदाखल्याची प्रत जोडणे अवघड नाही. अडचण आहे ती आम्हा हिंदूंची, कारण आमच्याकडे पत्रिका आहे, छत्तीस गुणांचा हिशेब आहे, पण दप्तर नाही. (घटिकापळांपर्यंत जन्मवेळ शोधून काढणाऱ्यांस जन्मवर्ष तेवढे सापडू नये, हा चमत्कारच!)

एवढ्याने भागेल असे मात्र कोणी समजू नये. ऊसतोडीच्या मजुरीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, म्हणून लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दसऱ्या-दिवाळीला आईबाप कारखान्याच्या फडावर निघाले म्हणजे वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवावी, हा त्यांचा प्रश्न खोटा नसतो, आणि त्यास उत्तर न देता नुसता नकार देणे हा धर्म नव्हे. शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आखली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. ज्या योजनेस संताचे नाव आहे तिच्यातील खोल्या, गाद्या, अधीक्षिका आणि भोजन यांची विचारपूस करणे हा कीर्तनकारांचाही अधिकार आहे. वारकरी, मौलवी, धर्मगुरू आणि बौद्धाचार्य यांचे शिष्टमंडळ दसऱ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन बसेल, तर त्याचा अर्ज फायलीत सहजासहजी दडपला जाणार नाही. आणि वसतिगृह उघडेपर्यंत मंदिराची धर्मशाळा, मदरशाची खोली किंवा मिशनचे बोर्डिंग हंगामापुरते मुलींस द्यावयास या मंडळींची स्वतःची तयारी हवी.

वाचकांकडेही एक मागणे आहे. लग्नपत्रिका हाती आली आणि मुलीच्या वयाविषयी शंका वाटली, तर आहेराची खरेदी करण्यापूर्वी 1098 हा क्रमांक फिरवावा. कळविणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.