हट्ट्याच्या पोरांची रिकामी खुर्ची

हट्टा येथील अठरा वर्षांचा तरुण लोकसभेला मतदान करतो, विधानसभेला करतो, गावच्या सरपंचाला करतो. एकवीस वर्षांचा झाला की तो स्वतः ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो. पण ज्या महाविद्यालयात तो आयुष्यातील सर्वात महत्त्वाची तीन वर्षे घालवतो, तिथे आपला वर्गप्रतिनिधी कोण असावा हे ठरविण्यासाठी त्याने कधी मतपत्रिका हातात धरलेली नाही. त्याच्या मोठ्या भावाने धरली नाही, बापानेही धरली नसण्याचीच शक्यता अधिक. देशाचे सरकार निवडण्याइतकी अक्कल या पोराला आहे असे संविधान मानते, पण महाविद्यालयाचा विद्यार्थी अध्यक्ष निवडण्याइतकी अक्कल त्याला नाही असे महाराष्ट्रातील राज्यकर्ते गेली तीन दशके मानत आले आहेत.

हा योगायोग पाहण्यासारखा आहे. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा करणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती 28 मार्च 1989 रोजी अंमलात आली. त्याच 1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुका म्हणजे गुंडगिरी, हा प्रचार सुरू झाला. पुढे 1994 चा विद्यापीठ कायदा आला. त्याने थेट निवडणूक काढून टाकली आणि वर्गात गुणवत्तेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी प्रतिनिधी म्हणून नेमावे अशी व्यवस्था केली. गुणपत्रिका हीच पात्रता! जो दिवसभर रोजंदारी करून रात्री अभ्यास करतो, ज्याच्या घरात पुस्तक ठेवायला फळी नाही, तो वर्गाचे दुःख जाणतो. पण त्याचे टक्के कमी पडतात, म्हणून तो प्रतिनिधी नाही.

मराठवाड्यासाठी 1994 या सालाला आणखी एक अर्थ आहे. 14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी, लातूर आणि पुढे 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. म्हणजे हट्टा ज्या विद्यापीठाच्या पंखाखाली आहे ते विद्यापीठ जन्माला आले तेव्हा थेट निवडणुकीचे दार आधीच बंद झालेले होते. औरंगाबाद, पुणे, नागपूरची जुनी माणसे 'आमच्या काळी निवडणुका अशा व्हायच्या' असे सांगू शकतात. नांदेड विद्यापीठाकडे ती आठवणसुद्धा नाही.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने हे दार कागदावर पुन्हा उघडले. कलम 99 प्रमाणे महाविद्यालयातील सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी मतदान करून अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी निवडायचा आहे. मागासवर्गीय जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांमध्ये आळीपाळीने फिरणार आहे. 2019 मध्ये निवडणुका होणार असे जाहीर झाले, तयारी सुरू झाली आणि विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून त्या पुढे ढकलण्यात आल्या. 2020 मध्ये कोरोना आला. कोरोना गेला, शाळा उघडल्या, बाजार उघडले, यात्रा भरल्या, सगळ्या पक्षांच्या सभा झाल्या. कायदा मात्र वर्षामागून वर्षे पुस्तकातच राहिला.

निवडणूक नाही तर बिघडते काय, असे अनेक पालक विचारतात. पोरगा शिकायला गेला आहे, पुढारी व्हायला नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासाठी एक गोष्ट तपशिलाने सांगितली पाहिजे. याच कायद्याच्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिने वर्षातून किमान चार वेळा बसायचे असते. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या सोयी, प्रवेशाची प्रक्रिया, सगळे या समितीपुढे येते. संस्थेचे अध्यक्ष तिथे असतात, प्राचार्य असतात, प्राध्यापकांचे प्रतिनिधी असतात. आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांनाही तिथे कायद्याने खुर्ची दिली आहे. आता निवडून आलेला अध्यक्षच नाही म्हटल्यावर त्या खुर्चीवर कोण बसणार? एकतर ती रिकामी राहते, नाहीतर साहेबांच्या मर्जीतला पोरगा तिथे बसून चहा पितो आणि सही करतो. मराठवाड्यात बहुतेक संस्था कोणत्या ना कोणत्या राजकीय घराण्याच्या ताब्यात आहेत. त्यांच्यासमोर हिशेब विचारणारी ही एकमेव खुर्ची होती, आणि नेमकी तीच मोकळी आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी असलेल्या अंतर्गत समितीचेही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. हट्ट्याहून वसमतला किंवा परभणीला जाणाऱ्या मुलीला या तीन जागांची माहिती कोणी दिली आहे काय?

शिष्यवृत्तीचे पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही सरकारची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी भांडून मिळविलेल्या अनुदानातून 1944 मध्ये ती सुरू झाली. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाकडे, तिथून समाजकल्याणकडे जातो. तो मध्येच परत आला, एखादे प्रमाणपत्र अस्पष्ट दिसले, तर विद्यार्थ्याला मोबाइलवर वेळेत संदेश दिसेलच याची खात्री नाही. केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के वाटा असे सूत्र 2020-21 पासून आले आणि पैसे थेट खात्यात येऊ लागले. आता पैसे उशिरा आले की महाविद्यालय विद्यार्थ्यालाच शुल्कासाठी धरते. परीक्षेचा अर्ज अडतो, गुणपत्रिका अडते. असा अडलेला मुलगा एकटा क्लार्कच्या खिडकीसमोर उभा असतो. 'उद्या ये' म्हटले की तो उद्या येतो, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे गेले. तेच काम विद्यार्थी परिषदेने केले तर? प्रलंबित अर्जांची यादी कारणांसह फलकावर लावा, एवढा एक ठराव मंजूर झाला तर शंभर पोरांच्या फेऱ्या वाचतील. संघटना म्हणजे फक्त घोषणा आणि झेंडे नव्हेत. संघटना म्हणजे अशी यादी लावून घेण्याची ताकद.

आता आपल्या बाजूकडेही पाहिले पाहिजे, कारण सगळा दोष सरकारवर टाकला की आपण मोकळे होतो.

आमच्या पोरांना संघटन जमत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एप्रिलच्या सुरुवातीला कोणत्याही वस्तीत यावे. बहुतेक गावांत जयंती समिती दरवर्षी नव्याने निवडली जाते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरतात, वर्गणीची पावती पुस्तके छापली जातात, पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज जातो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो आणि नंतर विहारात बसून पैशापैशाचा हिशेब वाचला जातो. हिशेबात चूक निघाली तर अध्यक्षाला सोडत नाहीत. आठवी नापास झालेला माणूसही तिथे सभा चालवतो. अशा वस्तीतला पदवीचा विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल टाकताच मागच्या बाकावर जाऊन मुका होतो, हे कोडे आहे. वस्तीत जी लोकशाही रांगडी का होईना जिवंत आहे, ती प्राध्यापकांच्या इमारतीत मेलेली आहे. आणि जयंती समितीतही एक उणीव आहेच: तिथे मुली नसतात, असल्या तर स्वागताच्या फुलांपुरत्या. कलम 99 मधील महिला प्रतिनिधीची जागा म्हणून मोलाची आहे.

मागच्या बाकावर मुके होण्याचे एक साधे कारण एसटी आहे. सकाळच्या गाडीने हट्टा सोडायचे, दुपारच्या गाडीने परतायचे. गाडी चुकली तर पुढची कधी, हे कंडक्टरलाही ठाऊक नसते. राष्ट्रीय सेवा योजना, वादविवाद, नाटक, खेळ, वाङ्मय मंडळ, हे सगळे तास संपल्यावर सुरू होते आणि तेव्हा आपला विद्यार्थी बसस्थानकावर उभा असतो. नव्या शैक्षणिक धोरणात तर खेळ, सेवा योजना, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे पूर्वी फक्त मजा हुकत होती, आता गुणही हुकणार. मुलींचे तर विचारूच नका. अंधार पडण्याआधी घरी, हा नियम. त्यात फेब्रुवारी ते एप्रिल हळदीचा हंगाम. वसमत भागात हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे या कामांना तेव्हाच हात लागतात आणि तेव्हाच स्नेहसंमेलन आणि परीक्षा असतात. 2021 च्या ऑक्टोबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा गावोगावची अशी किती पोरे वर्गात दिसेनाशी झाली याचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण हिशेब ठेवायला परिषदच नव्हती.

बाबासाहेबांना हे आधीच कळले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी लवकर ठेवले. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या घड्याळाप्रमाणे नव्हे, तर महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे चालावे, हा विचार त्यामागे होता. त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. सरकार पक्ष, विरोधी पक्ष, विधेयक, चर्चा असा तिचा रीतसर कारभार होता आणि खुद्द बाबासाहेब त्या संसदेपुढे बोलले आहेत. देशाचे कायदे करणारा माणूस कोवळ्या पोरांच्या सभागृहात वेळ घालवतो, कारण ठराव मांडणे, उपसूचना देणे, हरल्यावर बाहेर न पडता बसून राहणे हे शिकवावे लागते, रक्तातून येत नाही. औरंगाबादला 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तिथे वसतिगृहाने हेच काम केले. खेड्यातून आलेला मुलगा संध्याकाळी तिथेच असे, म्हणून तो बोलू लागला, लिहू लागला. दलित साहित्याची चळवळ नागसेनवनात का उगवली, याचे अर्धे उत्तर त्या संध्याकाळच्या तासांत आहे. आज वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. ती घेऊन शहरात खोली करून राहणाऱ्यांनी तरी त्या संध्याकाळी मोबाइलला देऊ नयेत.

विद्यार्थी संघटना म्हटली की ती आपलीच, अशा भ्रमातही राहता कामा नये. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्याविरुद्धची आंदोलनेही विद्यार्थ्यांच्याच नावाने उभी राहिली. त्या आगीत परभणी, नांदेडमधील आपल्या वस्त्या जळाल्या. संख्येच्या जोरावर परिषद कोणत्याही जातीच्या टोळीची होऊ शकते, ही भीती खरी आहे. म्हणून तर आळीपाळीची ती एक जागा महत्त्वाची. आणि त्या निवडणुकीला लिंगडोह समितीच्या शिफारशींप्रमाणे (2006) अटी लागल्या तर त्यांचीही आधी छाननी करावी लागेल. खर्चाची मर्यादा 5000 रुपये, ही गरिबाला उपकारकच. पण 75 टक्के हजेरी आणि मागे विषय राहिलेला नसावा या अटी हळदीच्या रानातून परीक्षेला येणाऱ्याला बाहेर ठेवतील.

सर्वात अवघड प्रश्न परभणीने विचारला आहे. हट्टा आहेच परभणी–वसमत रस्त्यावर. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. विधी शाखेचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेव्हापासून या पट्ट्यातील आईबाप पोरांना एकच सांगतात: कशात पडू नको. त्यांचे काय चुकले? पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे, एक गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत नोकरी गेली. पण विद्यार्थ्याला म्हणणे मांडायला सभागृह, इतिवृत्त आणि ठराव ही कायदेशीर जागाच ठेवली नाही तर त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात, गप्प बसणे किंवा रस्त्यावर उतरणे. रस्त्यावर उतरल्यावर काठी कोणाच्या पाठीवर आधी पडते हे सांगायला नको. ज्यांनी शांततेचे कारण देऊन निवडणुका बंद केल्या त्यांनी ही शांतता कोणाच्या जिवावर विकत घेतली, ते परभणीत दिसले.

निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हट्टा आणि आसपासच्या गावांतून एकाच महाविद्यालयात जाणारी पोरे-पोरी एकाच गाडीत बसतात. त्यांची सभा तिथेच भरू शकते. तासांचे वेळापत्रक आणि एसटीचे वेळापत्रक जुळवून द्या, हा पहिला अर्ज प्राचार्यांना आणि त्याची प्रत आगारप्रमुखांना, पन्नास सह्यांसह. अर्जाची पोच घ्यायची, तोंडी आश्वासन घ्यायचे नाही. दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा, कारण अनुदानित महाविद्यालये 2005 च्या त्या कायद्याखाली येतात: मागील दोन वर्षांत महाविद्यालय विकास समितीच्या किती बैठका झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती द्या, आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून त्यावर कोणाच्या सह्या आहेत व त्यांना कोणी निवडले ते सांगा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा दाखला जोडला तर तोही लागत नाही.