गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलावे?

व्यापारी कुटुंबात वाहनाच्या इंजिन ऑइलची तारीख सहसा चुकत नाही. दहा हजार किलोमीटर झाले की गाडी सर्व्हिसिंगला जाते, तेल बदलले जाते, बिल फाईलला लागते. परंतु ऑटोमॅटिक गिअर असलेल्या वाहनात आणखी एक तेल असते. त्याची आठवण वर्षानुवर्षे कोणालाही होत नाही. आणि जेव्हा होते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हे तेल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, ज्याला गॅरेजमध्ये 'एटीएफ' म्हणतात.

सांगलीकडील एखादे कापड व्यापाऱ्याचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दारात सात आसनांची डिझेल एसयूव्ही आहे. गाडीला सात वर्षे झाली आहेत आणि काटा ८४,००० किलोमीटरवर आहे. खरेदीसाठी पुणे-मुंबईच्या फेऱ्या, बाजारपेठेतील रोजची ये-जा, सुट्टीत सर्वांना घेऊन लांबचा प्रवास, असा तिचा वापर. दोन महिन्यांनी नाशिकला घरच्या मुलीचे लग्न आहे. सामान आणि माणसे भरून खंबाटकी आणि चंदनापुरी हे घाट ओलांडायचे आहेत. गाडीत कोणताही दोष जाणवत नाही. तरीही गिअरबॉक्सचे तेल बदलावे की नाही, या प्रश्नावर घरात तीन मते आहेत.

मुलगा म्हणतो, "अण्णा, सर्व्हिस सेंटरवाले सांगतात की हे तेल आयुष्यभराचे आहे. दहा-पंधरा हजार उगाच का घालवायचे?" ओळखीचे मिस्त्री म्हणतात, "शेठ, ताबडतोब बदला." आणि शेजारच्या दुकानदाराचा इशारा असा, की जुने तेल काढले की गिअरबॉक्स बसतो, म्हणून हातच लावू नये. तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांतील कोणतेही एक मत डोळे झाकून स्वीकारण्याजोगे नाही.

हे तेल नेमके काय करते

इंजिनमधील तेल मुख्यतः वंगण म्हणून काम करते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलावर याहून अधिक जबाबदाऱ्या असतात. टॉर्क कन्व्हर्टर या भागात समोरासमोर बसवलेली दोन पाती असलेली चक्रे असतात. एक पंखा चालू करून समोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याच्या झोताने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याची जागा तेल घेते. म्हणजे इंजिनची शक्ती चाकांकडे जाताना प्रथम तेलातून जाते. त्याच तेलाच्या दाबाने आतील क्लच आवळले आणि सोडले जातात, म्हणजे गिअर बदलतात. दात्यांना वंगण आणि तप्त भागांना थंडावा देण्याचे कामही तेच करते.

या तेलाचा खरा शत्रू उष्णता हा आहे. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन्ही चक्रे एका क्लचने जोडली जातात आणि तेल घुसळले जाणे जवळजवळ थांबते. गर्दीच्या रस्त्यावर, सिग्नलला थांबत-सरकत, किंवा भरलेली गाडी घाटात हळू चढत असताना मात्र तेल सतत घुसळले जाते आणि तापते. तेलाविषयीचा एक ढोबळ नियम असा, की नेहमीच्या मर्यादेपलीकडे तापमान दर दहा अंशांनी वाढले, की तेलाचे आयुष्य सुमारे निम्मे होते. उष्णतेने तेलातील रासायनिक द्रव्ये खर्ची पडतात, तेल काळवंडते, आणि क्लचच्या झिजेची बारीक भुकटी त्यात मिसळत जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. किलोमीटरचा आकडा हा निर्णयाचा अर्धाच आधार आहे. ८४,००० किलोमीटर ताशी सरासरी ४२ किलोमीटरने झाले असतील, तर गिअरबॉक्स २,००० तास चालला. तेच अंतर बाजारपेठेच्या गर्दीत ताशी २१ च्या सरासरीने झाले असेल, तर तो ४,००० तास चालला, आणि त्यांतील बहुतेक तास तापलेल्या अवस्थेत. बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. तो पाहून हा भागाकार घरबसल्या करता येतो.

'आयुष्यभर' या शब्दाचा अर्थ

काही कंपन्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची गरज नाही, असे लिहिलेले असते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. तेथे आयुष्य कोणाचे, हा प्रश्न विचारावा लागतो. सामान्य वापरात, कंपनीने गृहीत धरलेल्या मुदतीपुरते तेल टिकेल, एवढाच त्याचा अर्थ होतो. जर्मनीतील झेडएफ ही कंपनी अनेक मोटार उत्पादकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तिचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या काही गाड्यांबाबत तेल 'आयुष्यभराचे' सांगितले जाते. पण स्वतः झेडएफचा सल्ला वापराच्या पद्धतीनुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलावे असा आहे.

पुष्कळ पुस्तिकांमध्ये देखभालीची दोन वेळापत्रके असतात: एक सामान्य वापराचे आणि दुसरे खडतर वापराचे. पहिल्यात 'गरज नाही' असे असले, तरी दुसऱ्यात ठराविक किलोमीटर दिलेले आढळतात. खडतर वापर म्हणजे काय, हेही तेथेच लिहिलेले असते: वारंवार थांबत चालणे, कडक उन्हाळा, धूळ, डोंगराळ रस्ते, जड ओझे. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याची गाडी या यादीतील किती अटी पूर्ण करते, हे त्याने स्वतः मोजावे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरील तोंडी उत्तरापेक्षा पुस्तिकेतील हे पान अधिक विश्वसनीय असते.

प्रथम गिअरबॉक्स ओळखावा

'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि प्रत्येकीचा नियम वेगळा असतो. टोयोटा फॉर्च्युनर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० किंवा डिझेल क्रेटा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. येथील विवेचन मुख्यतः त्यांना लागू पडते. पट्टा किंवा साखळी आणि पुली यांवर चालणाऱ्या सीव्हीटीचे तेल निराळे असते. दोन क्लचच्या यंत्रणेत क्लच तेलात बुडालेले आहेत की कोरडे आहेत, यावर मुदत ठरते. आणि एएमटी हा मूलतः साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असून, क्लच व गिअर हलवण्याचे काम तेथे यंत्र करते. त्यात एटीएफ घालण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

तेलाचा दर्जाही पुस्तिकेत लिहिलेलाच हवा. 'त्याच्यासारखेच' चालत नाही. कारण या तेलाला घसरणेही आवश्यक आणि पकडणेही आवश्यक. फार निसरडे झाले तर क्लच घसरतात, कमी पडले तर गिअर बदलताना झटका बसतो. हा तोल साधण्यासाठी सुरुवातीच्या काळातील अशा तेलांत स्पर्म व्हेलपासून काढलेले तेल मिसळत असत. मोटार चालवण्यासाठी समुद्रातील एवढ्या मोठ्या जिवाचा बळी जात होता, हे आज अनेकांना ठाऊकही नसेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने व्हेलच्या तेलावर बंदी घातली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. आजच्या एटीएफमध्ये ते काम कृत्रिम द्रव्ये करतात. प्रत्येक कंपनीचे मिश्रण आपापल्या क्लचसाठी बेतलेले असते, म्हणून डब्यावरील नाव आणि पुस्तिकेतील नाव ताडून पाहणे हे ग्राहकाचे काम आहे.

तेल बदलल्याने गिअरबॉक्स खराब होतो का?

शेजारच्या दुकानदाराची भीती निराधार नाही, मात्र तिचे कारण तो उलटे सांगतो. बहुतेक लोक गिअर घसरू लागल्यावर, डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलू लागल्यावर, किंवा मध्यम वेगात थरथर जाणवू लागल्यावर तेल बदलायला जातात. तोपर्यंत क्लचचे अस्तर झिजलेले असते. नवे तेल ते अस्तर परत आणू शकत नाही. उलट जुन्या तेलातील भुकटीमुळे मिळणारी थोडीफार पकडही जाते. गाडी चार दिवसांत बंद पडली की दोष तेलाच्या माथी येतो. वस्तुतः दोष उशिराचा असतो.

म्हणून या विषयातील मुख्य सूत्र असे, की गिअरबॉक्सचे तेल गाडी उत्तम चालत असतानाच बदलायचे असते. लक्षण दिसल्यावर घेतलेला निर्णय देखभालीचा राहत नाही, तो दुरुस्तीचा होतो. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती सहज लाखाच्या पुढे जाते. लक्षणे दिसत असतील, तर आधी संगणकीय तपासणी करून घ्यावी, मग तेलाचा विचार करावा.

रंगावरही पूर्ण विसंबू नये. नवे एटीएफ बहुधा लाल असते, पण काही कंपन्यांचे तेल मुळातच वेगळ्या रंगाचे असते, आणि चांगले तेलही वापरात गडद होते. जळका वास किंवा तेलात धातूचे कण असणे ही मात्र गंभीर खूण आहे.

काम कसे करून घ्यावे

तळाचा बोल्ट उघडल्यावर सर्व तेल बाहेर येत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. समजा, एकूण ९ लिटर तेल आहे आणि ३ लिटर निघते. एका वेळी एक तृतीयांश तेल नवे होते. काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा तसेच केले, तर सुमारे ५६ टक्के, आणि तिसऱ्यांदा केले तर सुमारे ७० टक्के तेल नवे होते. बराच काळ तेल न बदललेल्या, परंतु सुस्थितीतील गाडीला ही टप्प्याटप्प्याची रीत सौम्य पडते. यंत्राच्या दाबाने सर्व तेल धुऊन काढण्याची घाई अशा गाडीबाबत करू नये.

आजच्या अनेक गाड्यांत तेल मोजण्याची पट्टी नसते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ठराविक अंशांच्या दरम्यान असतानाच पातळी ठरवावी लागते. थोडे कमी किंवा थोडे जास्त तेल, दोन्ही घातक. म्हणून गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारावेत: पातळी कोणत्या तापमानाला ठरवणार? फिल्टर आणि गॅस्केट बदलणार का? चेंबरमधील चुंबकावर काय साचले ते दाखवणार का? निघालेले तेल मोजणार का? ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याच्याकडे काम देऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. जुने तेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता अधिकृत संकलकाकडे जाते ना, हेही पाहावे. ते माती आणि पाणी दोन्ही नासवते.

निर्णय

आता पुन्हा सांगलीच्या त्या घराकडे वळावे. अण्णांनी पुस्तिका काढून खडतर वापराचे पान वाचले. सरासरी वेग पाहिला, तो ताशी २४ किलोमीटर निघाला. म्हणजे गाडी ३,५०० तास चालली होती. सात वर्षांत तेल एकदाही बदललेले नव्हते. गाडीत दोष नव्हता, आणि नेमकी हीच तेल बदलण्याची वेळ होती. मुलाला ते म्हणाले, "दुकानाचे छप्पर गळायला लागल्यावर माल हलवायचा नसतो. पावसाळ्याआधीच बघायचे असते."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मात्र काम काढायचे नाही, असेही ठरले. पहिला टप्पा लगेच, दुसरा महिनाभराने, आणि मधल्या काळात गाडी जवळपासच वापरायची. काही उणे राहिलेच, तर ते घरापासून दहा किलोमीटरवर कळावे, वऱ्हाड घेऊन घाटात नव्हे.

साधारण मार्गदर्शन म्हणून इतके लक्षात ठेवावे: पुस्तिकेत मुदत असेल तर ती प्रमाण मानावी. नसेल, तर शहरात आणि घाटात अधिक चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीचे तेल ६०,००० ते ८०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलणे शहाणपणाचे ठरते; मुख्यतः महामार्गावर चालणाऱ्या गाडीला १,००,००० पर्यंत थांबता येते. किलोमीटर कमी असले तरी ८ वर्षांपलीकडे जाऊ नये. वॉरंटी चालू असेल, तर काम अधिकृत ठिकाणीच करून घ्यावे. आणि तेलाचे नाव, लिटर, तारीख व किलोमीटर लिहिलेले बिल जपून ठेवावे. गाडी विकताना त्या कागदाची किंमत कळते.